प्रोटीनमधले रेसिड्यू एकमेकांना कुठं टेकतात: कॉन्टॅक्ट ॲनालिसिस पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बायोटेक नाहीतर बायोकेमिस्ट्री घेऊन बीएस्सी-एमएस्सी करणारी बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात, पुढं सगळं इंग्रजीत येतंय, आणि शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टमध्ये सर किंवा मॅडम सांगतात की ह्या प्रोटीनमधले रेसिड्यू कॉन्टॅक्ट काढून आणा. मग सॉफ्टवेअर उघडायचं, बटण दाबायचं, तुटक रेघा आल्या की स्क्रीनशॉट रिपोर्टला चिकटवायचा, बस्स. व्हायवाला कुणी विचारलं की ह्या रेघा कुठल्या हिशोबानं आल्या, तर उत्तर नसतंय. ते उत्तर देता यावं म्हणून हे सगळं मराठीत लिहितोय, सावकाश वाचा आणि कॉम्प्युटर उघडा ठेवून सोबत करत चला. एक सांगून ठेवतो, नावं आणि कमांड इथं देवनागरीत आहेत, टाइप करताना रोमन अक्षरात टाकायच्या.

आधी मुद्दा नीट समजून घेऊ. रेसिड्यू म्हणजे प्रोटीनच्या साखळीतलं एकेक अमिनो ॲसिड. प्रोटीनच्या फाइलमध्ये प्रत्येक अणूची जागा असते, एक्स, वाय, झेड असे तीन आकडे. डायसल्फाइडसारखे मोजके बंध सोडले तर कोण कुणाला टेकलंय हे त्या फाइलमध्ये कुठंही लिहिलेलं नसतंय, ते आपण ठरवतो, अंतराची एक मर्यादा धरून. मर्यादा बदलली की यादी बदलते. म्हणून "आमच्या प्रोटीनमध्ये इतके कॉन्टॅक्ट आहेत" ह्या वाक्याला एकट्याला काहीच अर्थ नाही, कुठल्या अणूंमधलं अंतर, किती अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), कोण कोण वगळलं, हे सोबत सांगितलं तरच तो आकडा आकडा होतो. ही गोष्ट मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो, कारण बाकी सगळं सॉफ्टवेअर करतंय, एवढं एकच आपल्यालाच करावं लागतंय.

आणि कॉन्टॅक्ट बघायचेच कशाला? साखळीत लांब असलेले रेसिड्यू घडी पडल्यावर शेजारी येतात म्हणून. चिकोडी-रायबाग भागात कृष्णेच्या दोन काठांवरची गावं रस्त्यानं लांब पडतात, पण काठावर उभं राहिलं तर समोरचं गाव हाकेच्या अंतरावर असतंय, तसंच हे. सिक्वेन्स वाचून रस्त्याचं अंतर कळतं, हाकेचं अंतर कळायला स्ट्रक्चरच लागतं. प्रोटीन टिकतंय कशावर, म्युटेशननं बिघडतंय काय, दोन साखळ्या एकत्र कुठं बसतात, हे सगळं त्या हाकेच्या अंतरात असतंय.

सरावासाठी हिमोग्लोबिन घ्या. पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतंय, आणि त्याचे कुठले कॉन्टॅक्ट महत्त्वाचे हे आधीच नीट माहीत आहे, त्यामुळं आपलं उत्तर बरोबर आलं का हे तपासता येतं. नवशिक्यानं पहिल्यांदा नेहमी उत्तर माहीत असलेलं गणितच सोडवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅक्स पेरुट्झनी ह्याच प्रोटीनवर आयुष्य घालवलं, १९६२ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना आणि मायोग्लोबिनवाल्या जॉन केंड्रूंना मिळून मिळालं.

फाइल मिळते प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे पीडीबीत. १९७१ साली फक्त ७ स्ट्रक्चरवर सुरू झालेली ही बँक आता २ लाखांच्या पुढं गेलीय, आणि सगळं फुकट. दोन फाइली उतरवा. एक ४एचएचबी, हे ऑक्सिजन नसलेलं माणसाचं हिमोग्लोबिन, रिझोल्यूशन (म्हणजे किती बारीक दिसतंय, आकडा जितका कमी तितकं स्पष्ट) १.७४ अँगस्ट्रॉम. दुसरी १एचएचओ, ऑक्सिजन असलेलं, २.१ अँगस्ट्रॉम. ह्या फाइली छोट्या असतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पण झटक्यात उतरतात, आणि एकदा उतरवल्या की पुढचं बहुतेक काम नेट नसताना होतंय. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांनी पावसाळ्याआधी सॉफ्टवेअर आणि फाइली दोन्ही लॅपटॉपवर घेऊन ठेवा, तिकडं पावसात लाइट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतोय.

आता फाइल तपासणे. हे लोक सोडून देतात आणि निम्म्या चुका इथंच होतात, त्यामुळं मी ह्याच्यावर जास्त लिहिणार आहे.

पहिलं म्हणजे रिझोल्यूशन. २ अँगस्ट्रॉमच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर साइड चेन, म्हणजे रेसिड्यूची बाजूला निघालेली फांदी, कुठं आहे हे बऱ्यापैकी भरवशानं कळतं, ३.५ च्या स्ट्रक्चरमध्ये बॅकबोन (साखळीचा मुख्य कणा) दिसतोय पण साइड चेनचं टोक नेमकं कुठं हे बऱ्याचदा अंदाजानं ठेवलेलं असतंय, मग तिथं ३.४ अँगस्ट्रॉमचा हायड्रोजन बॉन्ड आहे म्हणून ठासून सांगण्यात काय अर्थ? दुसरं, गायब रेसिड्यू. हलणारे लूप एक्स-रेला दिसत नाहीत, ते फाइलमध्ये नसतात, पीडीबी फॉरमॅटमध्ये रिमार्क ४६५ खाली त्यांची यादी असते आणि नुसते काही अणू नसतील तर रिमार्क ४७० खाली. जिथं अणूच नाहीत तिथं कॉन्टॅक्ट शून्य येणार, आणि त्यावरून "हा भाग कुणाला टेकत नाही" असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकीचा. तिसरं, काही साइड चेन दोन जागी दाखवलेल्या असतात, प्रत्येकीला ऑक्युपन्सी, म्हणजे त्या जागी असण्याचं प्रमाण, दिलेली असते, त्यातली जास्त ऑक्युपन्सीवाली घ्या, नाहीतर एकच रेसिड्यू दोनदा मोजला जातोय. चौथं, पाणी आणि बाकीचे रेणू. पाण्याचे अणू आणि हीम (लोह असलेला, ऑक्सिजन धरणारा रेणू) हे हेटॅटम म्हणून वेगळे लिहिलेले असतात, फक्त रेसिड्यू-रेसिड्यू बघायचं असेल तर ते बाजूला काढा. पण पाण्यामधून जुळलेले कॉन्टॅक्ट पण असतात हे लक्षात असू द्या. पाचवं, एक्स-रेच्या बहुतेक फाइलीत हायड्रोजन नसतात, म्हणून अंतर नेहमी जड अणूंमध्ये, म्हणजे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, सल्फर ह्यांच्यात मोजायचं. सहावं, ॲस्पॅराजिन, ग्लुटामिन आणि हिस्टिडीन ह्यांच्या साइड चेन उलट्या बसवलेल्या असू शकतात, कारण एक्स-रेला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ सारखेच दिसतात, हिस्टिडीनच्या रिंगेत नायट्रोजन आणि कार्बनचं तसंच. मोलप्रोबिटी नावाच्या सर्व्हरवर फाइल टाकली की तो असे उलटे पडलेले दाखवतोय.

आणि सगळ्यात मोठा खड्डा, तो १एचएचओमध्येच आहे म्हणून मुद्दाम ती फाइल निवडली. हिमोग्लोबिनला चार साखळ्या, दोन अल्फा १४१ रेसिड्यूच्या आणि दोन बीटा १४६ च्या, एकूण ५७४. ४एचएचबी उघडली तर चारही साखळ्या ए, बी, सी, डी दिसतात. १एचएचओ उघडली तर दोनच! क्रिस्टलमध्ये उरलेल्या दोन साखळ्या सिमेट्रीनं येतात, म्हणून फाइलमध्ये अर्धाच रेणू लिहिलाय. हे न बघता दोन फाइलींचे कॉन्टॅक्ट मोजून तुलना केली तर एकीकडं पूर्ण प्रोटीन आणि दुसरीकडं अर्धं, आणि वर "ऑक्सिजन लागल्यावर कॉन्टॅक्ट निम्मे झाले" असा भलताच शोध लागतोय. त्यामुळं पीडीबीच्या पानावरून बायोलॉजिकल असेंब्ली, म्हणजे पूर्ण रेणू, उतरवा, किंवा किमेराएक्स ह्या स्ट्रक्चर बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम कमांड देऊन असेंब्ली १ बनवा. उलटी चूक पण होते, क्रिस्टलमध्ये शेजारचा रेणू नुसता रचनेमुळं चिकटलेला असतोय आणि तो खरा जोडीदार धरला जातोय. संशय आला की पायसा सर्व्हरवर इंटरफेस, म्हणजे दोन साखळ्या जुळतात ती जागा, तपासा.

इतकं झालं की कॉन्टॅक्टची व्याख्या ठरवायची. चार पद्धती जास्त चालतात. अल्फा कार्बन (रेसिड्यूचा बॅकबोनमधला मधला कार्बन) ते अल्फा कार्बन ८ अँगस्ट्रॉम, काही जण ७ घेतात, ही सोपी आणि साइड चेनवर फार अवलंबून नाही म्हणून कमी रिझोल्यूशनला चालते. बीटा कार्बन (साइड चेनचा पहिला कार्बन) ते बीटा कार्बन ८ च्या आत, ही प्रेडिक्शनच्या स्पर्धांमध्ये वापरतात, ग्लायसीनला बीटा कार्बन नसतोय म्हणून तिथं अल्फा घ्यायचा. तिसरी, दोन रेसिड्यूंचे कुठलेही दोन जड अणू ४.५ किंवा ५ अँगस्ट्रॉमच्या आत आले की कॉन्टॅक्ट. आणि चौथी व्हॅन डर वाल्स त्रिज्येवरची, दोन अणूंच्या त्रिज्यांची बेरीज करून त्यातून प्रत्यक्ष अंतर वजा करायचं, किमेराएक्सची कॉन्टॅक्ट्स कमांड हीच वापरते आणि मुळात उणे ०.४ अँगस्ट्रॉमपर्यंतचं धरते, म्हणजे अणू जरासे सुटे असले तरी चालतात.

नवशिक्यांनी मी सांगतो ते ऐका, तिसरी घ्या, जड अणू ४.५. डोळ्यांनी बघून पटते, आणि साइड चेन एकमेकांकडं तोंड करून आहेत का पाठ करून, हे तिच्यात कळतं. अल्फा कार्बनच्या पद्धतीत दोन रेसिड्यू ७ अँगस्ट्रॉमवर असतात पण साइड चेन विरुद्ध दिशेला, तरी कॉन्टॅक्ट म्हणून मोजले जातात.

अंतर काढायचं गणित दहावीचंच आहे. समजा दोन अणूंच्या एक्समध्ये फरक ३, वायमध्ये २, झेडमध्ये ६, तर वर्ग करून बेरीज ९ अधिक ४ अधिक ३६, म्हणजे ४९, वर्गमूळ ७. अंतर ७ अँगस्ट्रॉम. एक जोडी अशी हातानं वहीवर करून बघाच, फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ॲटम लिहिलेल्या ओळीत ३१ ते ५४ ह्या रकान्यांत तीन आकडे सापडतात. एकदा हातानं केलं की पुढं सॉफ्टवेअर काय करतंय ह्याची भीती जाते.

अजून एक गोष्ट ठरवायची ती म्हणजे साखळीतले सख्खे शेजारी. लागून असलेल्या दोन रेसिड्यूंचे अल्फा कार्बन ३.८ अँगस्ट्रॉमवर असणारच, बंधच आहे तिथं. हेलिक्समध्ये दर फेरीला ३.६ रेसिड्यू, त्यामुळं प्रत्येक रेसिड्यू पुढच्या चौथ्याला टेकतोच. हे सगळे मोजले तर यादी भरून जाते आणि बघण्यासारखं काय ते त्यात बुडतं. म्हणून नंबरांमध्ये ४ पेक्षा जास्त फरक पाहिजे, घडीचा अभ्यास असेल तर निदान ६ चा. प्रेडिक्शनवाले ६ ते ११ ला जवळचे, १२ ते २३ मधले, आणि २४ पासून पुढं लांबचे म्हणतात. वेगवेगळ्या साखळ्यांमध्ये ही अट लावायची नाही, ए साखळीतला ४२ आणि डी मधला ४३ ह्यांचा नंबरावरून काही संबंध नाही.

आता प्रत्यक्ष काढू. किमेराएक्स शिक्षणासाठी फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर पण हिमोग्लोबिनएवढं प्रोटीन चालतंय. ओपन ४एचएचबी, मग कॉन्टॅक्ट्स कमांडला ए साखळी द्या आणि रिस्ट्रिक्टमध्ये डी साखळी, डिस्टन्सओन्ली ४.५ लावा म्हणजे त्रिज्येचा हिशोब बंद होऊन सरळ अंतर धरलं जातंय, आणि लॉग ट्रू करा म्हणजे यादी लिहून येते. पाणी आणि हीम आधी डिलीट केलेले बरे. यादी अणूंच्या जोड्यांची येते हे विसरू नका! एका टायरोसीन-ॲस्पार्टेट जोडीत आठ-दहा अणूजोड्या असू शकतात, पण रेसिड्यूची जोडी एकच. रिपोर्टात कुठला आकडा देताय ते लिहा.

पायथन थोडं येत असेल तर बायोपायथन घ्या, लॅपटॉप अगदीच जुना असेल तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच चालतंय. क्रम असा: पार्सरनं फाइल वाचायची, अमिनो ॲसिडचेच रेसिड्यू ठेवायचे, हायड्रोजन असतील तर काढायचे, उरलेले अणू नेबरसर्चला द्यायचे, आणि सर्च ऑलला ४.५ आणि लेव्हल आर सांगायचं, रेसिड्यूच्या जोड्या थेट मिळतात. दोन जागी असलेल्या साइड चेनमधली जास्त ऑक्युपन्सीवाली ते आपोआप घेतं. नेबरसर्च का वापरायचं तर ५७४ रेसिड्यूंच्या १,६४,४५१ जोड्या होतात, आणि प्रत्येकीत कितीतरी अणू, हे सगळं लूप लावून मोजलं तर होईल पण वाट बघत बसावं लागेल.

आता ए आणि डी मधली यादी उघडा. हा अल्फा १ बीटा २ इंटरफेस, म्हणजे ए ही पहिली अल्फा आणि डी ही दुसरी बीटा, ऑक्सिजन लागताना इथंच हालचाल होते. यादीत अल्फाचा टायरोसीन ४२ आणि बीटाचा ॲस्पार्टेट ९९ ही जोडी आली का बघा, ती आलीच पाहिजे, नाही आली तर पुढं जाऊ नका, मागं जाऊन काय वगळलं गेलं ते शोधा. अल्फाचा लायसीन ४० आणि बीटाचा शेवटचा रेसिड्यू हिस्टिडीन १४६ ही पण पाहिजे, त्या हिस्टिडीनचं कार्बोक्सिल टोक लायसीनला धरून असतंय. त्याच हिस्टिडीनची रिंग आपल्याच साखळीतल्या ॲस्पार्टेट ९४ ला सॉल्ट ब्रिज (उलट विद्युतभारांची जोडी) करते, आणि बोर इफेक्ट म्हणून जे पाठ करता त्यात ह्या ब्रिजचा मोठा वाटा आहे. ती जोडी ए-डी यादीत मिळणार नाही, डी साखळीच्या आतली यादी वेगळी काढा.

मग १एचएचओची असेंब्ली घेऊन तेच करा, तीच मर्यादा, तेच नियम, काहीही न बदलता. इथं साखळ्यांची नावं ए, बी आणि परत ए, बी अशी येतात, तेव्हा नावावर जाऊ नका, कुठला इंटरफेस आहे ते रेसिड्यूवरून ओळखा. जिथं अल्फाचा ॲस्पार्टेट ९४ आणि बीटाचा ॲस्पॅराजिन १०२ जवळ आलेत तो आपल्याला हवाय. टायरोसीन ४२ चा ॲस्पार्टेट ९९ शी हायड्रोजन बॉन्ड सुटलेला दिसेल आणि ९४-१०२ चा नवीन जुळलेला. बीटाचा हिस्टिडीन ९७ तर जागाच बदलतोय, आधी अल्फाच्या थ्रिओनिन ४१ आणि प्रोलिन ४४ च्या मध्ये असतो, ऑक्सिजन लागल्यावर थ्रिओनिन ३८ आणि ४१ च्या मध्ये जातो, एक खाच मागं. दोन अर्ध्या भागांचं एकमेकांसापेक्ष फिरणं साधारण १५ अंशांचं. दोन याद्या शेजारी ठेवून हे स्वतः सापडलं की जो आनंद होतो तो पुस्तक पाठ करून होत नाही, खरंच सांगतो.

जोडी सापडली म्हणजे तिचा प्रकार कळला असं नाही. हायड्रोजन बॉन्डला देणारा आणि घेणारा अणू ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत आणि कोन पण बरा पाहिजे. सॉल्ट ब्रिजला लायसीन, आर्जिनीन किंवा हिस्टिडीनचा नायट्रोजन आणि ॲस्पार्टेट-ग्लुटामेटचा ऑक्सिजन ४ च्या आत. डायसल्फाइडमध्ये दोन सल्फर साधारण २.०५ वर. हायड्रोफोबिकला कार्बन-कार्बन ४ ते ४.५. हे सगळं आपोआप वर्गवारी करून देणारे सर्व्हर आहेत, रिंग आणि अर्पेजिओ चांगले, पण त्यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, दोघांच्या यादीत फरक आला तर घाबरू नका, मर्यादा वाचा.

कॉन्टॅक्ट मॅप पण काढा. दोन्ही बाजूंना रेसिड्यू नंबर, टेकले तर ठिपका. कर्णाला चिकटून जाड पट्टा आला की हेलिक्स, कर्णाला समांतर लांब रेघ आली की समांतर स्ट्रँड, कर्णाला काटकोनात जाणारी रेघ आली की उलट दिशेचे. हिमोग्लोबिनमध्ये सगळे हेलिक्सच, त्यामुळं शीट बघायला दुसरं कुठलं तरी प्रोटीन घ्या.

म्युटेशनचा प्रोजेक्ट असेल तर २एचबीएस उघडा, सिकल सेलचं हिमोग्लोबिन. बीटाच्या ६ व्या जागी ग्लुटामेटच्या ऐवजी व्हॅलिन येतो, ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन हा बदल १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमनी दाखवला. तो व्हॅलिन शेजारच्या दुसऱ्या हिमोग्लोबिनच्या फिनाइलॲलनिन ८५ आणि ल्युसीन ८८ च्या खाचेत जाऊन बसतोय, आणि असे एकाला एक चिकटत धागे होतात. ह्या फाइलमध्ये दोन पूर्ण हिमोग्लोबिन आहेत, आठ साखळ्या, त्यामुळं हा कॉन्टॅक्ट प्रत्यक्ष मिळतो, शोधा. नंबराची एक अडचण इथं येईल: जेनेटिक्सच्या रिपोर्टात हीच जागा ७ म्हणून लिहितात कारण ते सुरुवातीचा मेथिओनिन मोजतात, जो तयार प्रोटीनमध्ये नसतोय. एमएमसीआयएफ ह्या पीडीबीच्या नव्या फॉरमॅटच्या फाइलमध्ये तर दोन-दोन नंबर असू शकतात, एक लेखकाचा आणि एक बँकेचा. कुठला वापरला ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

तुमच्या प्रोटीनचं स्ट्रक्चर पीडीबीत नसेल तर अल्फाफोल्डच्या, म्हणजे कॉम्प्युटरनं अंदाज केलेल्या स्ट्रक्चरच्या, डेटाबेसमध्ये मिळेलच बहुतेक. तिथं बी-फॅक्टरच्या रकान्यात पीएलडीडीटी, म्हणजे त्या रेसिड्यूच्या जागेवर किती भरवसा ठेवायचा त्याचा १०० पैकी आकडा, असतो, ७० च्या खालचे रेसिड्यू असलेले कॉन्टॅक्ट वगळा किंवा वेगळ्या रंगात दाखवा. दोन डोमेनमधले कॉन्टॅक्ट असतील तर पीएई (दोन भागांच्या एकमेकांसापेक्ष जागेतल्या चुकीचा अंदाज) पण बघावा लागतो, कारण प्रत्येक डोमेन छान असून त्यांची एकमेकांशी मांडणी चुकलेली असू शकते. आपल्याकडं औषधी वनस्पतींवर बरंच काम होतंय, आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्थाच बेळगावात आहे, त्यामुळं बरीच मुलं डॉकिंग, म्हणजे औषधाचा रेणू प्रोटीनमध्ये कुठं बसेल ते कॉम्प्युटरवर बसवून बघणं, करतात. डॉकिंगनंतरचे कॉन्टॅक्ट प्लिप नावाचं सॉफ्टवेअर वापरून काढा, नियम तेच, फक्त डॉक झालेली जागा हा अंदाज आहे हे रिपोर्टात सांगा, क्रिस्टलमध्ये दिसलेल्या कॉन्टॅक्टच्या पंक्तीत त्याला बसवू नका.

एनएमआरच्या फाइलीत बरीच मॉडेलं असतात, पहिलंच घेऊन थांबू नका, प्रत्येकात मोजा आणि किती मॉडेलांत तो कॉन्टॅक्ट आहे ते टक्क्यात लिहा. सिम्युलेशन केलं असेल तरी हेच, फक्त मॉडेलांच्या जागी फ्रेम, आणि एमडीॲनालिसिस नाहीतर एमडीट्राज वापरा.

तक्ता करताना प्रत्येक ओळीत साखळी, रेसिड्यूचं नाव आणि नंबर दोन्हीकडचा, सगळ्यात जवळच्या अणूंची जोडी, अंतर, प्रकार, एवढं पाहिजे. वर फाइलचं नाव, रिझोल्यूशन, असेंब्ली कुठली, मर्यादा किती, काय वगळलं, सॉफ्टवेअर आणि त्याचं व्हर्जन. नंतर मर्यादा ४ आणि ५ करून दोनदा परत चालवा आणि तिन्ही वेळा टिकलेल्या जोड्यांवर खूण करा. व्हायवाला जायच्या आधी त्या खूण केलेल्या जोड्या एकेक करून स्क्रीनवर उघडून बघा, साइड चेन दाखवून, फिरवून.